झेब्र्याचा फोटो

किस्से साठवावे लागत नाहीत, ते आपोआप साठतात. एकाने एक सांगितला की दुसऱ्याला त्याहून मोठा सांगितल्याशिवाय चहा घशाखाली उतरत नाही, एवढंच त्याचं कारण. आमच्या रविवारच्या बैठकीत असे इतके किस्से साठलेत की ज्या गाडीबद्दल ते आहेत ती अजून बाजारातही आलेली नाही, हे कोणाच्या लक्षात राहत नाही.

बैठक म्हणजे आम्ही चौघं. जळगावहून एरंडोलकडे निघालं की हायवेला लागून एक चहाची टपरी आहे, तिथे. आबा एसटीतून ड्रायव्हर म्हणून निवृत्त झालेले. दिगंबरभाऊंचं बियाण्यांचं दुकान. सोनवणे सिंचन खात्यात. आणि मी. मी धुळ्याच्या एका कॉलेजात शिकवतो, घर जळगावात. रविवारी संध्याकाळी जातो, गुरुवारी परततो. मला सगळे 'सर' म्हणतात. त्यात आदर किती आणि सवय किती, ते मी कधी विचारलेलं नाही.

गाडी म्हणजे एका मोठ्या कंपनीची येऊ घातलेली इलेक्ट्रिक गाडी. तिचे चाचणीचे नमुने आमच्या हायवेवरून धावतात. आकार कळू नये म्हणून अंगभर काळ्या-पांढऱ्या नक्षीचं स्टिकर चिकटवलेलं असतं. आम्ही तिचं नाव 'झेब्रा' ठेवलंय. झेब्रा इकडेच का, याचं उत्तर सोनवण्यांकडे तयार असतं.

"बॅटरीला ऊन सोसतं का हे बघायचं, तर मे महिन्यात दुसरीकडे कुठे नेणार? बनवायची पुण्याकडे, विकायची मुंबईत, घाम गाळायला मात्र खान्देश."

यावर आबा म्हणाले, "चला, आपलं ऊन कोनाले तरी कामनं शे."

*

झेब्रा पहिल्यांदा दिसला तो आबांना. एका रविवारी ते आले तेच छाती पुढे काढून. पारोळ्याला स्टँडसमोर झेब्रा उभा होता आणि त्यांनी त्याला हात लावून पाहिला होता. काळी-पांढरी वर्तुळं, वर्तुळांत आणखी वर्तुळं. उंच गाडी, मागून चढायला दार. आम्ही तासभर त्यांना प्रश्न विचारले. हा रस्ता आठवड्यातून दोनदा मी तुडवायचा आणि गाडी यांना दिसायची! मी त्या दिवशी दुसरा चहा घेतला नाही.

पुढच्याच आठवड्यात सोनवणे कामासाठी पारोळ्याला गेले. गाडी तिथेच होती. मागच्या दाराशी म्हाताऱ्या माणसांची रांग होती. ती डोळे तपासणीची फिरती गाडी होती.

"आबा," सोनवणे म्हणाले, "नुसता हात लावून परत कशाला आलात? रांगेत उभं राहायचं होतं."

आबांनी उरलेला चहा एका घोटात संपवला. मग त्यांनीच नियम केला. फोटो नाही, तर गाडी नाही. ज्याच्याकडे शेवटचा फोटो, झेब्र्याबद्दल त्याचा शब्द शेवटचा. आणि तिसरं कलम त्यांनी बोट उगारून सांगितलं, "चालवनाऱ्यानं काढलेला फोटो बाद. स्टिअरिंग सोडून मोबाइल धरनारा मानूस आपल्याला चालनार नाही."

उभी नोकरी एकही अपघात न करता काढलेल्या माणसापुढे कोण काय बोलणार? मीही मान डोलावली. या तिसऱ्या कलमात सगळ्यात जास्त मीच अडकणार आहे, हे तेव्हा माझ्या लक्षात आलं नाही.

*

पहिला खरा फोटो दिगंबरभाऊंचा. ते आणि मंगलावहिनी अमळनेरला लग्नाला निघाले होते. समोरून झेब्रा आला आणि वहिनींनी फोटो काढला. थोडा हललेला, पण काळी-पांढरी नक्षी स्वच्छ दिसत होती.

त्यानंतर तीन रविवार दिगंबरभाऊंचं राज्य होतं. एकदा चार्ज केली की मुंबई गाठणार, हे त्यांनी ठरवलं. छत काचेचं, हेही. चार्जिंगची जागा मागे डावीकडे, झाकण गुलाबी तांब्याच्या रंगाचं. ते झाकण फोटोच्या कोपऱ्यात दिसत होतं. प्रत्येक वाक्यानंतर ते म्हणायचे, "मंगलनं काढला. मी चालवत होतो."

मला ते वाक्य सहन होईना. मी तो फोटो कॉलेजच्या कॉम्प्युटरवर मोठा करून पाहिला. दोन तासांच्या मधला वेळ, जो मी पेपर तपासायला ठेवतो, तो यात घालवला. चौथ्या रविवारी मी प्रिंट काढून नेली आणि शांतपणे टेबलावर ठेवली.

"दिगंबरभाऊ, हे झाकण नाही. हे बोट आहे. लेन्सवर आलेलं."

सोनवणे इतके हसले की चहा बशीत सांडला. दिगंबरभाऊंनी प्रिंट उजेडात धरली, चष्मा वर केला, नीट पाहिलं.

"हो की," ते म्हणाले. "तिचंच आहे. विळीनं कापलेलं दिसतंय बघा, इथे. मला ओळखायला हवं होतं."

त्यांनी ती प्रिंट घडी करून खिशात घातली, घरी दाखवायला. मी जिंकलो होतो, पण मला तसं वाटलं नाही.

*

मला झेब्रा पहिल्यांदा दिसला तो एरंडोलच्या पुढे. माझ्या मागून आला, शेजारून गेला. अगदी शेजारून. स्टिकरची एक कड सुटून फडफडत होती, तीही मी पाहिली. मोबाइल शेजारच्या सीटवर होता. मी त्याला हात लावला नाही. आबांचं कलम होतं, आणि तसाही मी गाडी चालवताना फोन घेत नाही. ते काम माझ्या बायकोचं, शालिनीचं होतं. ती होती तेव्हा आमच्या प्रवासाचे फोटो संपायचे नाहीत. कापसाचे ट्रॅक्टर, केळीचे ट्रक, चुकीचं लिहिलेल्या पाट्या, काहीही. मी म्हणायचो, कशाला जागा भरतेस फोनमधली? दोन वर्षं झाली, ती सीट रिकामी आहे.

रविवारी मी सगळं सांगितलं. सुटलेल्या कडेसकट.

"फोटो?" आबांनी विचारलं.

"कोण काढणार?"

"मग गाडी नाही," आबा म्हणाले. सोनवण्यांनी मान हलवली. दिगंबरभाऊ कपात बघत राहिले.

*

पुढच्या रविवारी दिगंबरभाऊ म्हणाले, "सर, मी येतो तुमच्याबरोबर. धुळ्याला मला बियाण्यांच्या एजंटकडे जायचंच आहे. तुम्ही चालवा, मी फोटो काढतो."

त्यांचा हेतू चांगला होता. पण माणूस दुपारी पुरणपोळी जेवून आलेला. पाळधी येईपर्यंत त्यांनी मला कपाशीच्या वाणांबद्दल सांगितलं, पाळधीनंतर घोरणं सुरू. पारोळ्याच्या अलीकडे समोरून झेब्रा आला. एक नाही, दोन! एकामागे एक.

"दिगंबरभाऊ! आली, आली!"

ते दचकून उठले आणि त्यांनी मोबाइल उचलून धडाधड फोटो काढले. थांबून पाहिलं, तर सात फोटो होते. सहा त्यांच्या गुडघ्याचे. सातवा माझा. तोंड उघडं, डोळे मोठे.

रविवारी तो सातवा फोटो सगळ्यांच्या हातांतून फिरला. सोनवण्यांनी निकाल दिला, "झेब्रा दिसत नाही. झेब्रा बघणारा दिसतो."

आणि ते दोन झेब्रे पुढे गेल्यावर कोणाला दिसले असतील? मंगलावहिनींना. त्या माहेरी एरंडोलला गेल्या होत्या आणि एसटीच्या खिडकीशी बसल्या होत्या. फोटो उत्तम होता. या वेळी बोटही नव्हतं. दिगंबरभाऊंचं राज्य परत आलं. त्या आठवड्यात मी त्यांचा फोन उचलला नाही.

*

मग मी डॅशकॅम घेतला. समोरच्या काचेला चिकटवायचा छोटा कॅमेरा, आपोआप सगळं टिपणारा. आबांना आधीच विचारून ठेवलं. त्यांनी दोन रविवार विचार केला आणि परवानगी दिली. "हात स्टिअरिंगवर राहतात ना? मंग चालंल."

तिसऱ्याच आठवड्यात धुळ्याकडे जाताना झेब्रा समोरून आला. मी घरी येऊन काही बघितलंही नाही. कार्ड तसंच बैठकीत आणलं, सोनवण्यांच्या लॅपटॉपला लावलं आणि खुर्ची मागे घेऊन बसलो. आज मुंबईपर्यंतची बॅटरी मी कमी करणार होतो. काचेचं छतही काढून टाकणार होतो.

पडद्यावर नुसता पांढरा उजेड. संध्याकाळची वेळ, मावळता सूर्य नेमका समोर. रस्ता नाही, गाडी नाही, काही नाही.

तो कॅमेरा आवाजही टिपतो, हे मला माहीत नव्हतं. त्या पांढऱ्या उजेडातून माझा आवाज आला. "अगं, आली बघ. फोन घे, फोन घे लवकर."

सोनवण्यांचा हात कीबोर्डवर तसाच राहिला. टपरीवर स्टोव्हचा आवाज चालू होता.

थोड्या वेळाने सोनवणे म्हणाले, "आबा, आवाज पुरावा धरायचा का?"

आबांनी माझ्याकडे पाहिलं. मग म्हणाले, "नाही. नियम म्हंजे नियम."

त्यांनी तो पुरावा धरला असता, तर मी पुन्हा त्या टपरीवर गेलो नसतो. आबांनी चार चहा सांगितले.

*

आता गेल्या आठवड्याचं. गुरुवारी दुपारी धुळ्याहून परतत होतो. फागण्याच्या पुढे रस्त्याच्या कडेला लिंबाच्या सावलीत झेब्रा उभा होता. उभा. मी गाडी त्याच्या मागे लावली आणि मोबाइल घेऊन उतरलो.

ड्रायव्हर चाळिशीचा असेल. शर्ट घामानं अंगाला चिकटलेला.

"काका, गार पाणी आहे का? आज एसी बंद ठेवून चालवायची ऑर्डर आहे."

मी बाटली दिली. त्याने माझ्या हातातला मोबाइल पाहिला.

"फोटो काढू नका, असं मला म्हणावं लागतं. म्हटलं. आता मी तिकडे जाऊन तोंड धुतो."

तो खरंच पाठ करून उभा राहिला. रस्ता मोकळा, ऊन डोक्यावर, गाडी स्थिर. मी पुढच्या बाजूने गेलो, मोबाइल वर केला आणि काचेतून आत पाहिलं.

शेजारच्या सीटवर वाळूची गोणी होती. ताठ बसवलेली, सीटबेल्ट लावलेला. ऊन लागू नये म्हणून वरून ओला टॉवेल टाकला होता, तो एका बाजूने खांद्यावरून घेतल्यासारखा खाली आला होता.

ड्रायव्हर तोंड पुसत आला. "साठ किलो. शेजारच्या माणसाचं वजन म्हणून देतात. बेल्ट नाही लावला तर गाडी ओरडत राहते."

"टॉवेल?"

"वाळू तापते हो, काका. मग माझ्याच बाजूला गरम वाफ." तो जरा हसला. "आणि दिवसभर बरोबर असते. बोलतो मी तिच्याशी. इथून अमरावती, अमरावतीहून परत. वेळ जातो."

त्याने बाटली परत दिली, सीटबेल्ट एकदा ओढून पाहिला, आधी तिचा, मग स्वतःचा, आणि निघून गेला. त्या गाडीला आवाज नसतो, त्यामुळे गेल्याचं कळलंही नाही. दिगंबरभाऊंचा मला कधी वाटला नव्हता, इतका त्या माणसाचा हेवा वाटला.

रविवारी मी सगळं सांगितलं. गोणी सोडून.

"फोटो?" आबांनी हात पुढे केला.

"नाही काढला."

सोनवण्यांनी कप खाली ठेवला. "सर, गाडी उभी. तुम्ही उभे. मोबाइल हातात. ड्रायव्हर पाठ करून. आबांचं एकही कलम आड येत नाही. मग अडलं कुठे?"

"पुढे बाई बसल्या होत्या," मी म्हटलं. "न विचारता फोटो काढणं बरं दिसलं नसतं."