पूजेला बसलेली पहिली आवृत्ती

मला अमेरिकन कादंबऱ्यांच्या पहिल्या आवृत्त्या जमवायचा नाद आहे, त्याही लेखकाची सही असलेल्या. इकडे दक्षिणेत, पेरुंगुडीतल्या नोकरीच्या पगारात हे खूळ दोन-तीन वर्षांतून एखाद्या पुस्तकापुरतंच जमतं. त्यामुळे अशी एक कादंबरी अड्यारच्या आमच्या भाड्याच्या घरी येऊन पोचली तेव्हा मी अक्षरशः नाचलो. हात तीनदा धुतले, पंखा बंद केला, बायकोला शेजारी उभं करून सहीचं पान दाखवलं आणि पुस्तक काचेच्या कपाटात ठेवून दिलं. या पुस्तकांत खरा मान वरच्या सुट्या कागदी वेष्टनाचा. त्यावर डाग पडला की संपलं. हे मी बायकोला इतक्यांदा सांगितलं होतं, की तिनं ऐकणंच सोडून दिलं होतं.

सरस्वतीपूजेच्या सकाळी आंघोळ करून आलो तर कपाटातली ती जागा रिकामी.

"मामी आल्या होत्या," बायको म्हणाली. "पूजेत ठेवायला तुमच्या घरातलं एक पुस्तक द्या म्हणाल्या, नवऱ्याचं सगळ्यात आवडतं. मग दिलं."

मामी म्हणजे खालच्या मजल्यावरच्या आमच्या घरमालकीणबाई, तंजावरकडच्या मराठी, इंग्रजीच्या निवृत्त शिक्षिका. मी ओल्या केसांनीच जिना उतरलो. पाटावर पुस्तकांची चळत होती. खाली पंचांग, मधे नातीची गणिताची वही आणि सगळ्यात वर माझी कादंबरी. वेष्टनावर मधोमध ओल्या चंदनाचा चांगला रुपयाएवढा टिळा, त्यावर कुंकू. मला हसू फुटलं, पण ते रडण्याच्या फार जवळचं होतं. मी हात पुढे केला.

"अय्यो, शिवूं नको!" मामी ओरडल्या. "आज पुस्तक उघडायचं नाहीं, वाचायचं नाहीं. उद्यां."

"मामी, नुसतं पुसून घेतो."

"सरस्वतीचं कुंकूं पुसतोस? सरि, पुस बघूं!"

माझी काय बिशाद! दिवसभर मी काही ना काही निमित्त काढून खाली जात राहिलो. प्रसादाचं सुंडल, म्हणजे खोबरं घातलेली हरभऱ्याची उसळ, आणायला, वाटी परत द्यायला, पुन्हा सुंडल आणायला. दर खेपेला चंदन थोडं अधिक वाळलेलं. बायको जिन्यात बसून पोट धरून हसत होती आणि चौथ्या वाटीनंतर मीही तिच्या शेजारी बसून हसायला लागलो.

दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा पूजा झाली. चंदनाची खपली आपोआप पडली आणि खाली पिवळट गोल डाग उरला. जीव हळहळला. मामींनी पुस्तक उचलून माझ्या हातात दिलं.

"आतां वाच. पूजेला ठेवलेल्या पुस्तकांतलं विजयादशमीला थोडं वाचायचंच असतं. मोठ्यानं."

मी खाली बसून पहिलं पान वाचलं, मग दुसरं. मामी डोळे मिटून ऐकत होत्या.

"मग पुढं काय होतं रे?"

मला माहीत नव्हतं. शिवण सैल होईल या भीतीनं मी सहीच्या पानापलीकडे कधी गेलोच नव्हतो. मेल्याहून मेल्यासारखं झालं, आणि तरी पुढचं पान उलटायला हात शिवशिवत होते.

"ठाऊक नाही, मामी," मी म्हणालो.

"मग थांब. कॉफी आणतें, बसून वाच."

या पुस्तकाजवळ पाण्याचा पेलाही येऊ न देणारा मी म्हणालो, "आणा. साखर जरा जास्त."