पहिल्या पानावरचा तलवारवाला

आमच्या धंद्यात जे छापलं जातं ते दुसऱ्या दिवशी समोशाखाली जातं. जे छापता आलं नाही ते मात्र पोटात राहून वर्षानुवर्षं आंबतं. दोन म्हातारे वार्ताहर चहाला बसले की तेच वर येतं. आम्ही ते हसत हसत सांगतो, पण हसण्यासारखं त्यात फार नसतं, हे आधीच सांगून ठेवतो.

जबलपूरच्या एका हिंदी दैनिकात मी अठ्ठावीस वर्षं गुन्हे आणि कोर्ट पाहिलं. ऑफिसात मराठी दोघंच. एक मी, गजभिये. दुसरे मेश्रामभाऊ, आमचे आर्टिस्ट. अपघाताचा नकाशा, खुनाच्या जागेचं रेखाचित्र, दिवाळी पुरवणीचं कव्हर, सगळं एकवीस वर्षं त्यांच्याच हातचं. मग कॉम्प्युटर आले आणि वरून विचारणा सुरू झाली, "आर्टिस्ट का अब काम क्या है?" मेश्रामभाऊंची जागा राहते की जाते, एवढाच प्रश्न उरला. आणि तो प्रश्न जाऊन टांगला गेला एका व्हिडिओ गेमला!

* * *

मालकांच्या मुलाला ऑफिसात सगळे छोटे भैया म्हणत. वय पस्तीस. त्यानं बाहेरदेशातून कन्सोल आणला आणि मीटिंगच्या खोलीतल्या मोठ्या टीव्हीला जोडला. गेम तलवारबाजीचा होता. नाव इंग्रजी, कोणालाच धड म्हणता येईना, म्हणून सगळं ऑफिस त्याला "तलवारवाला" म्हणायचं. लांब केसांचा, गालावर जखमेची खूण असलेला एक योद्धा, अंगात जरीचा अंगरखा, हातात स्वतःएवढी तलवार. दिसायला गेम जबरदस्त होता, ते नाकारत नाही. ओल्या फरशीवर मशालीचा उजेड हलायचा तेव्हा चपराशीसुद्धा ट्रे घेऊन उभा राहायचा.

त्या दिवसापासून वार्ताहरांची सकाळची मीटिंग जिन्यात होऊ लागली. संपादक दुबेजी पायरीवर बसून बातम्या विचारत. एकदा शहपुऱ्याकडचा आमचा बातमीदार आला. एका गावातले हॅंडपंप महिन्याभरापासून कोरडे होते, ती बातमी घेऊन. दुबेजी म्हणाले, छोटे भैयांना दाखवा, शहराबाहेरची पानं तेच पाहतात. छोटे भैया म्हणाले, "दो मिनट, ये वाला मर जाए बस."

तो वाला दीड तास मरेना. बातमीदार दाराशी उभा. पडद्यावर एका वारात फवारा उडत होता, भिंती लाल होत होत्या. शेवटी तो हळूच म्हणाला, "भैया, इतना तो हमारे यहाँ पानी नहीं निकलता!"

बातमी छापली गेली नाही. दुसऱ्या दिवशी त्या जागेवर छोटे भैयांच्या मामेभावाच्या साखरपुड्याचा फोटो होता.

* * *

मग फर्मान निघालं की रविवारच्या पुरवणीत गेमचं पान सुरू करायचं आणि पहिलं परीक्षण "तलवारवाल्या"चं. दुबेजींनी मला विचारलं. मी म्हटलं, "मी कोर्टातून आलोय, जन्मठेपेचा निकाल हातात आहे. गेम खेळू?"

"आप हर बात में वकील क्यों बन जाते हैं, गजभियेजी?"

"कारण इथं आरोपी जास्त झाले आहेत!"

मग काम मेश्रामभाऊंकडे गेलं. दुबेजी त्यांना म्हणाले, "आप चित्रकार हैं, विज़ुअल समझते हैं. ये पेज चल गया तो आपकी जगह पक्की. नहीं चला तो फिर मैं क्या कर सकता हूँ, बताइए."

चष्मा कपाळावर ढकलून मेश्रामभाऊ पडद्यासमोर बसले. पहिल्या दरवाज्याशी सतरा वेळा मेले. कारण ते लढतच नव्हते. योद्ध्याला उभा करून मान वर करायला लावायचे आणि आभाळ पाहत बसायचे.

"अंकल, लड़िए ना!" छोटे भैया ओरडले.

"थांबा हो, ढग पाहून राहिलो."

शत्रूनं मागून येऊन मुंडकं उडवलं. मेश्रामभाऊ शांतपणे म्हणाले, "ज्यानं हे ढग काढले ना, त्याच्या ऑफिसात त्याला कोणी विचारत नसंल, तुझं काम काय म्हणून!"

* * *

परीक्षण त्यांनी मनापासून लिहिलं. आधी माझ्यासाठी मराठीत वाचून दाखवलं, मग हिंदीत केलं. आभाळाचं, दगडांचं, पाण्याचं भरभरून कौतुक. आणि शेवटी एक वाक्य: तलवारीला वजन नाही.

त्यांचे वडील तोफा बनवणाऱ्या कारखान्यात घण मारायचे. भाऊंनी लाकडी पट्टी उचलून मला करून दाखवलं. "हे पाह्य. जड लोखंड उचललं का खांदा आधी जाते, हात मागून येते. आणि मारल्यावर माणूस एक पाऊल हलते. हा गडी हलूनच नाही राहिला. हातात मोरपीस आहे त्याच्या!"

अठ्ठावीस वर्षांत आमच्या पेपरात आलेली सगळ्यात खरी समीक्षा ती. दुबेजींनी नेमकं तेच वाक्य काढलं. विजय नगरच्या ज्या शोरूममध्ये गेम विकायला होता, त्याची अर्ध्या पानाची जाहिरात त्याच पानावर होती.

रविवारी पान आलं. ढगांचं कौतुक जसंच्या तसं. वर नाव छोटे भैयांचं, फोटोसकट!

मी दुबेजींच्या टेबलावर पेपर आपटला. मेश्रामभाऊंनीच मला बाहेर ओढलं. "तू काहून भांडून राहिला बे? ढग तर राहिले ना?"

* * *

शोरूममध्ये स्पर्धा झाली. आयोजक आमचा पेपर, प्रमुख पाहुणे छोटे भैया, आणि स्पर्धकही छोटे भैया. फायनलला त्यांच्यासमोर आली रेल्वेतल्या एका मराठी क्लार्कची मुलगी, मदन महलची, अकरावीतली. मी मराठीत विचारलं, "घरी आहे का हा गेम?" तिला कळलं, पण उत्तर हिंदीत आलं, "नहीं अंकल, दुकान में देख-देख के सीखी." तिनं छोटे भैयांना चार मिनिटांत तीनदा लोळवलं.

दुसऱ्या दिवशी आमचा मथळा: "छोटे भैया ने दिखाया खेल भावना का परिचय".

मुलीचं नाव सातव्या ओळीत. तेही चुकीचं.

* * *

आता आमच्या ऑफिसची एक पद्धत सांगितली पाहिजे, त्याशिवाय पुढचं कळणार नाही. फोटो एका कॉम्प्युटरमध्ये विषयवार ठेवायचे. "नेता", "अपघात", "साप", "उन्हाळा". कोणी काढला, कुठे, कधी, काही नाही. डेस्कवाला शब्द टाकणार आणि येईल तो फोटो उचलणार. दर उन्हाळ्यात तीच बाई तोच माठ घेऊन आमच्या पानावर चालायची. ती दरम्यान वारलीसुद्धा असेल.

गेमच्या कंपनीनं परीक्षणासाठी चित्रांची सीडी पाठवली होती. मेश्रामभाऊंनी पद्धतीप्रमाणे ती "तलवार" नावानं ठेवली.

आणि एका बाजारात दोन टोळ्यांमध्ये तलवारी निघाल्या. एक दुकानदार आडवा आला, त्याचा हात गेला. मी फोनवर बातमी दिली. फोटो नव्हता, तसं सांगितलंही.

सकाळी पेपर उघडला तर पहिल्या पानावर चार कॉलम रंगीत फोटो! ओली गल्ली, मशालीचा उजेड, डोक्यावर तलवार उगारलेला लांब केसांचा माणूस. खाली लिहिलेलं, "वारदात का एक्सक्लूसिव दृश्य".

मी डोक्याला हात लावला. पण शहरात वाहवा! समोरच्या पेपरच्या संपादकानं त्याच्या फोटोग्राफरला भर ऑफिसात झापलं, "उनको मिल गया, तुम क्या सो रहे थे?" तो बिचारा माझ्याकडे आला. जबलपुरात दादाला बड्डे म्हणतात. "बड्डे, ये एंगल लिया कहाँ से? छत से?"

मी त्याला चहा पाजून वाटेला लावलं.

* * *

माझा आग्रह एकच होता, उद्या खुलासा छापा. दुबेजी म्हणाले, "अख़बार की इज़्ज़त का सवाल है." छोटे भैया म्हणाले, "वैसे फ़ोटो लग तो मस्त रही है." आणि मेश्रामभाऊंना आत बोलावून, दार लावून सांगण्यात आलं की चित्र तुमच्या पानाचं, फोल्डर तुमचं, नावही तुम्हीच दिलेलं. बात बाहर गई तो पेज बंद. पेज बंद तो आपकी जगह बंद.

भाऊ बाहेर आले आणि पेन्सिलला टोक करत बसले. अख्खी पेन्सिल संपली तरी करतच होते.

दोन दिवसांनी कळलं की पोलिसांनी "फोटोतला माणूस" पकडला. भगवानदास, नर्मदेवर नाव चालवणारा. मुलाच्या आजारात देवाला नवस बोलला होता म्हणून केस राखलेले. गालावर खूण, ती लहानपणी नावेचा बांबू लागला त्याची. तलवारी निघाल्या त्या दिवशी तो नदीत होता, आणि त्याच्या नावेत बसलेली माणसं परगावची, केव्हाच निघून गेलेली.

मी बातमी लिहिली: "पुलिस ने बेगुनाह को पकड़ा." दुबेजींनी ती माझ्यासमोर घडी करून खिशात ठेवली.

* * *

चौथ्या दिवशी भगवानदासची बायको ऑफिसात आली. आमचाच पेपर पदरात गुंडाळलेला. रिसेप्शनवाल्यानं तिला मेश्रामभाऊंच्या टेबलाकडे पाठवलं, फोटोचं काम तेच पाहतात म्हणून. तिनं पान पसरलं आणि चित्रातल्या जरीच्या अंगरख्यावर बोट ठेवलं.

"काए भैया, तुमई देखो. ऐसो कपड़ा हमाए घर में कहाँ से आएगो? जे तो राजा-महाराजा को है. पुलिस वाले मान नईं रए. तुमने फोटो खींची है, तुम बता दो."

मेश्रामभाऊ त्या अंगरख्याकडे पाहत राहिले.

"आपका आदमी नहीं है ये, दीदी," ते म्हणाले. "ये तो कोई भी नहीं है."

बाईला ते कळलं नाही. तिनं पुन्हा बोट ठेवलं. "देखो ना, कित्तो अच्छो कपड़ा है!"

ती गेल्यावर भाऊ उठले, मीटिंगच्या खोलीत गेले. छोटे भैया खेळत होते. भाऊंनी टीव्हीशेजारचा गेमचा डबा उचलला.

"अंकल, वो कहाँ ले जा रहे हैं?"

"थाने."

दुबेजी दरवाज्यात आडवे झाले. "मेश्रामजी, सोच लीजिए. कल से फिर मत आइएगा."

"उद्या रविवार आहे," भाऊ मराठीतच म्हणाले, "तसाही सुट्टीवरच असतो." आणि मला म्हणाले, "स्कूटर काढ."

* * *

मेश्रामभाऊंची जागा त्या दिवशी गेली, हे सगळ्या पेपरवाल्यांना माहीत आहे. निरोपसमारंभ नाही, हार नाही. एकवीस वर्षांची चित्रं एका पोत्यात भरून त्यांनी घरी नेली. खुलासा आजतागायत छापला गेला नाही. भगवानदास त्याच संध्याकाळी सुटला, तेही कोणी छापलं नाही. हात गेलेला दुकानदार अजून हल्लेखोर कोण ते विचारत फिरतो. त्या फोटोला पुढे कुठलंसं बक्षीस मिळालं म्हणतात, पण ते खोटं असावं. खरं निघालं तरी मला नवल वाटणार नाही.

थान्यात त्या दिवशी काय झालं, ते मात्र आम्हा दोघांनाच माहीत होतं. भाऊ आता नाहीत, म्हणून सांगतो.

थानेदार टेबलाशी बसून पपई खात होते. मेश्रामभाऊंनी डबा समोर ठेवला. डब्यावर तोच माणूस, तेच केस, तीच खूण. शेजारी आमचा पेपर ठेवला. "साहब, ये आदमी नहीं है. ये खेल है. ग़लती हमारी है. मैं लिखकर देता हूँ. उसको छोड़ दीजिए."

थानेदारांनी हात पुसले. डबा उलटा करून पाहिला, सुलटा करून पाहिला.

"मालूम है," ते म्हणाले. "मेरा लड़का रोज़ खेलता है."

मला वाटलं, मी चुकीचं ऐकलं.

"केव्हापासून माहीत आहे?" मी आधी मराठीतच बोलून गेलो. "कब से मालूम है?"

"पहले दिन से. सुबह अख़बार आया, लड़के ने ही दिखाया. बोला, पापा, ये तो मेरा वाला है!"

"तो फिर उस ग़रीब को चार दिन से बैठाया क्यों है?"

थानेदारांनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी कालच नोकरीला लागलोय. मग पपईची फोड पुढे केली.

"काय बड्डे, आपई के पेपर में तो छपा था!"