दुसरा कप

माझ्या पायाला भिंगरी आहे, हे बायको लग्नाआधीपासून ओळखून आहे. पुण्यातली नोकरी झाली, जळगावात ठिबकचं दुकान झालं, मग मधमाश्या झाल्या. एखादी गोष्ट जमली रे जमली, की माझं मन तिथून उठतं. त्यामुळे साक्रीजवळच्या शेतात, जिथं विजेचा खांबसुद्धा पोचलेला नाही, तिथं राहायचं मी ठरवलं तेव्हा ती शहरात, देवपूरलाच थांबली. तिथल्या कॉलेजात शिकवते. दर शनिवारी येते आणि पाचच्या बसनं परत जाते.

एकदा म्हणाली, "पुण्यात प्यायचो तशी एस्प्रेसो इथं करून दाखव, मग कायमचं यायचा विचार करते." गमतीनंच म्हणाली असेल. माझं मात्र उतावळा नवरा, गुडघ्याला बाशिंग.

विजेचं मशीन लावलं, तर छपरावरच्या सोलरचा इन्व्हर्टर किंचाळून बंद पडला. ते विकून हातानं दांडा दाबायचं मशीन मागवलं. त्याला उकळतं पाणी, बारीक दळलेली कॉफी आणि धीर लागतो. धीर सोडून सगळं माझ्याकडे होतं. चुलीत कपाशीच्या वाळल्या पऱ्हाट्या पेटवायच्या, हातचक्कीत बिया दळायच्या, वर पाणी ओतलं की मी लगेच दांड्यावर लोंबकळायचो. कॉफी भसकन यायची, पांचट आणि आंबट. मग मी चक्कीला शिव्या घालायचो, नंतर पाण्याला.

शेजारच्या शेतातल्या अक्का भरताची वांगी भाजायला पऱ्हाट्या न्यायला आल्या होत्या. माझी झटापट बघून हसल्या. "घाई कसाले करस रे भाऊ? वांगं बी आपला टाइमवरच शिजस."

मला रागच आला. पण दुसऱ्या दिवशी पाणी ओतल्यावर हात मागे बांधले आणि वीस आकडे मोजले. बारा-तेराला जीव नुसता वर-खाली होत होता. मग दांडा हळू दाबला. दाट, तांबूस धार आली, मधाची यायची तशी.

शनिवारी बायकोनं घोट घेतला आणि डोळे मिटले. "जमलीय," म्हणाली. मी खुशीत सांगायला लागलो, की आता शेततळ्यात मासे सोडायचा विचार आहे. तिचा चेहरा उतरला. खाटेखाली मशीनचं रिकामं खोकं होतं, थर्माकोलसकट. तिकडे बोट करून तिनं विचारलं, "ते का ठेवलंयस?"

"असू दे. कधी इथून हलायचं झालं तर..."

बोलून गेलो आणि जीभ चावली.

"कॉफी तुला जमणार हे मला माहीतच होतं," ती म्हणाली. "मला भीती जमल्यानंतरची वाटते. मी नोकरी सोडून यायचं, आणि तू?"

लाज वाटली. वचनं तिनं माझी पुष्कळ ऐकली आहेत, म्हणून आणखी एक दिलं नाही. "अजून एक कप करतो," म्हणालो.

"पाचची बस आहे."

थर्माकोल काढून ठेवला, खोकं फाडलं आणि तुकडे चुलीत घातले. पाणी पुन्हा उकळलं, बिया पुन्हा दळल्या, पुन्हा वीस मोजले. हात शिवशिवत होते, तरी मोजले. दुसरा कप पहिल्याइतका जमला नाही. तिनं तो सावकाश, शेवटच्या घोटापर्यंत प्यायला, आणि पाचची बस गेली.