साखरेची पुडी

वर्गबाईंनी माझं दप्तर सगळ्या वर्गासमोर टेबलावर उलटं केलं. पुस्तकं, कंपासपेटी, डबा. आणि वर्तमानपत्राच्या कागदात बांधलेली एक पुडी. ती त्यांनी दोन बोटांत धरून वर उचलली, मेलेली पाल उचलावी तशी.

"काय आहे यात?"

"शुगर," मी म्हणाले.

मागे कुणीतरी फिसकन हसलं. बाई हसल्या नाहीत. त्यांचा चेहरा पांढराफटक पडला.

ऐंशीच्या दशकातली ती शेवटची वर्षं. मुंबईत गर्दचा नुसता सुळसुळाट. ब्राऊन शुगर, नशेची पावडर. पुलाखाली गर्दुल्ले पडलेले असायचे, आणि गर्द मिळायची ती पुडीतून. त्याच आठवड्यात शाळेत त्यावर भाषण झालं होतं. पुडी आणि शुगर. बाईंना अजून काय हवं होतं? त्यांनी माझी बाही वर सरकवली. दंडावर सुयांचे डाग.

"बघा! वस्तीतली पोरं! कोणी दिली ही पुडी? कोणाला नेऊन देतेस?"

मी पाचवीत होते हो! पाचवीत!

मला दरदरून घाम सुटला होता, हात थरथरत होते. बाईंना वाटलं, चोरी पकडली म्हणून. खरं तर अंगातली साखर उतरत होती. म्हणूनच तर मी शिकवणं चालू असताना दप्तरात हात घालून पुडी शोधत होते.

वर्षभर आधी मला डायबेटिस झाला होता. लहान मुलांना होतो तो. शरीर इन्सुलिन बनवायचंच थांबवतं. मग रोज इंजेक्शन, जन्मभर. आज मी हे धडाधड सांगते. तेव्हा मला कुणी सांगितलंच नव्हतं. हॉस्पिटलात डॉक्टर माझा फ्रॉक वर करायचे, शिकाऊ डॉक्टरांना मांडीवरचे डाग दाखवायचे, माझ्या डोक्यावरून इंग्रजीत बोलायचे. मग आईला काय ते दोन शब्द सांगायचे आणि मला बाहेर बाकड्यावर बसवायचे. आजार माझा, आणि मीच बाहेर! आई मालवणकडची. बाबांची मिल बंद पडलेली, ते एका सोसायटीत वॉचमन. तिनं घरी येऊन एवढंच सांगितलं, "तुका शुगर आसा. हातपाय थरथरले की ह्या पुडीतली साखर खा. आणि कोणाक सांगू नको गो. लगीन कसा होतला तुजा?"

मी दहा वर्षांची. मला सुईची भीती होती. आईला लग्नाची.

तर मला मोठ्या बाईंच्या खोलीत नेलं. मुख्याध्यापिका त्या. पुडी त्यांच्या टेबलावर, पेपरवेटखाली. मला भिंतीशी उभं केलं. आईला आणायला शिपाई चाळीत गेला. पोलिसांना कळवायचं का, यावर दोघींचं बोलणं सुरू झालं. मला समोरची खुर्ची दुहेरी दिसायला लागली.

"बाई, ती पुडी मला द्या ना."

"बघितलंत? मागतेय!" वर्गबाई म्हणाल्या.

ते "मागतेय" मी मरेपर्यंत विसरणार नाही. माझा जीव जात होता, आणि ह्यांना त्यात नशा दिसत होती.

मग मी मागणं सोडलं. टेबलावर झडप घातली. पेपरवेट खाली पडून फुटला. कागद दातांनी फाडला आणि साखर बचाबचा तोंडात कोंबली. ठसका लागला, नाकातून पाणी आलं. वर्गबाई ओरडत होत्या. मी तिथेच फरशीवर बसून हात चाटत राहिले. हळूहळू खुर्ची पुन्हा एक झाली.

तेवढ्यात आई धापा टाकत आली. आल्या आल्या तिनं हात जोडले. "पोरीक शुगरचो आजार आसा बाईनु. डायबेटिस."

मोठ्या बाई हसल्या. "डायबेटिस? आणि साखर खाते? माझ्या सासऱ्यांना आहे डायबेटिस, घरात साखर बंद आहे. मला शिकवू नका."

आजार असून साखर का खायची, ते आईला माहीत नव्हतं. मलाही माहीत नव्हतं. माझ्याच अंगातली गोष्ट, आणि मलाच कुणी सांगितली नव्हती. तळपायाची आग मस्तकात गेली माझ्या.

मी खाल्ली ती साखरच होती, एवढं दोघींना पटलं; पोलिसांचं बोलणं थांबलं. मग मोठ्या बाईंचा हुकूम आला. शाळेत ठेवू. पण कोपऱ्यात वेगळं बसवू. वर्गात काही खायचं नाही. बाकीच्या पालकांना कळता कामा नये. वर्गबाईंनी वर जोडलं, "हिचे वडील आमच्याच सोसायटीत वॉचमन आहेत. जरा विचार करून वागा."

"होय बाईनु, होय," म्हणत आई पाया पडायला वाकली.

मी तिचा दंड धरून तिला वर ओढलं.

"आई, पाया पडू नको. मी कोपऱ्यात बसणार नाही. आणि साखर लागली की खाणार. वर्गातच खाणार."

मोठ्या माणसांना मी तोवर कधी नाही म्हटलं नव्हतं.

पुढच्या वेळी हॉस्पिटलात डॉक्टरांनी फ्रॉकला हात लावला. मी तो दोन्ही हातांनी घट्ट खाली धरला.

"आधी मला सांगा. मराठीत."

"तुला काय कळणार?"

"घाम मला येतो. सुई मला टोचता."

ते वैतागले. पण उभ्या उभ्या सांगितलं. इंजेक्शनानं साखर खाली येते. जेवण कमी पडलं, जास्त धावलीस, तर ती फारच खाली जाते. तेव्हा लगेच साखर खायची. नाहीतर बेशुद्ध पडशील, मग गिळताही येणार नाही, मरशीलसुद्धा. बस्स, एवढंच! चहा निवायच्या आत सांगून झालं. एवढ्यासाठी मला वर्षभर आंधळी ठेवली होती ह्या शहाण्यांनी. मला रडू आलं, पण ते रागाचं.

दुसऱ्या दिवशी वर्गात पोरं "गर्दुल्ली, गर्दुल्ली" करत होती. मी माझ्या नेहमीच्या जागेवर उभी राहिले आणि सगळं जसंच्या तसं सांगितलं. "मी पडले तर कोणाला विचारत बसू नका. गिळता येत असेल तर तोंडात साखर घाला. नसेल तर धावत जाऊन डॉक्टर आणा." बाई "खाली बस, खाली बस" करत होत्या. मी सांगून झाल्यावरच बसले.

थोड्याच दिवसांत बाबांची नोकरी गेली. सोसायटीनं कारण दिलं नाही. आई म्हणाली, "तुज्या तोंडामुळे गेली." नाही. माझ्या तोंडामुळे नाही गेली. ज्यांनी घालवली, त्यांच्याच नावावर तो दोष राहू दे.

आज मी हॉस्पिटलात लहान मुलांना हाच आजार समजावते. पोर पाच वर्षांचं असलं तरी आधी त्याच्याशी बोलते, आईबापांशी नंतर. आजाराचं नाव त्याच्याकडून वदवून घेते. सुई त्याच्या हातात देते, बाहुलीला टोचायला लावते. रडलं तर रडू देते, पण "दोन दिवसांत बरा होशील हं" असली थाप मारत नाही, कुणाला मारूही देत नाही. आणि दर वेळी मागून कुणीतरी पुटपुटतंच, "मॅडम, जरा हळू बोला ना. बाहेर लोक आहेत."

हळू बोलून पोरं मरतात. मी हळू बोलणार नाही.