दसऱ्याची दुपार आणि गाडीतला हीटर

बाळांनो,

तुमच्यापैकी मोठीने परवा फोनवर विचारलं, "आजी, मी जर्मनीत कार्ल्सरूहेला शिकायला आले की हिवाळ्यात तुमची गाडी नेऊ का?" मी नेहमीसारखं "बघू" म्हणून वेळ मारून नेली. तुमच्या बाबांनी तुम्हाला एवढंच सांगितलं आहे की गाडीत गॅस गळला होता. गॅस गळला नव्हता. जी पोरगी ती गाडी मागते, तिला खरं काय झालं ते माहीत असायला हवं. म्हणून आता लिहिते. माझं सगळं शिक्षण इंग्रजीत झालं, इंग्रजीत लिहिलं असतं तर तुम्हालाही सोपं गेलं असतं. पण त्या दिवशी आम्ही दोघं जे बोललो ते मराठीत बोललो, आणि त्याचं इंग्रजी केलं की ते तिसऱ्याच कुणाचं वाटायला लागतं. अडेल तिथे बाबांना विचारा.

गाडी म्हणजे आमची वोनमोबील, चाकांवरचं घर. आत पलंग, ओटा, न्हाणी, सगळं. आजोबा गेर्लिंगेनच्या कंपनीतून निवृत्त झाले तेव्हा ही जुनी गाडी घेतली. सोफ्याखाली तिचा हीटर आहे. तो प्रोपेनवर चालतो आणि जमिनीलगतच्या जाळ्यांतून गरम हवा सोडतो. जळलेला धूर जायला आणि जळण्यासाठी लागणारी हवा यायला गाडीच्या बाहेरच्या अंगाला, खिडकीच्या बरोबर खाली, त्याचं एक तोंड आहे. बशीएवढं, प्लास्टिकचं, खाचा असलेलं. हीटर चालू असताना वरची खिडकी बंद ठेवायची, हे त्या खिडकीच्या चौकटीवरच चिकटवलेलं आहे.

दर शरद ऋतूत आजोबा हीटरचं काम स्वतः करत. आधी ते बाहेरचं तोंड उघडून मऊ ब्रशने कोळ्यांची जाळी काढायची. मग सोफ्याची गादी उचलून धुराच्या नळीचे क्लॅम्प हाताने आणि छोट्या आरशात बघून तपासायचे. मग गॅसच्या प्रत्येक सांध्याला साबणाचा फेस लावायचा आणि बुडबुडा येतो का ते पाहायचं. मी टॉर्च धरत असे. "इकडे धर, छताला काय दाखवतेस? छत गळत नाहीये," असं ते दरवर्षी म्हणत. दोन वर्षांनी एकदा गॅसची सरकारी तपासणी होई. तपासणारा माणूस सगळं बघून म्हणे, "गेनाऊ, अगदी बरोबर, असंच हवं." त्यावर आजोबा आठवडाभर खूश असत. चाळीस वर्षं जर्मन मोटारींचे भाग तपासण्यात गेलेल्या माणसाला याहून मोठं बक्षीस नव्हतं.

त्या वर्षी दसऱ्याला आम्ही ब्लॅक फॉरेस्टमध्ये एका तळ्याकाठच्या कँपिंगवर होतो. हीटरचं काम घरीच करून आणलं होतं. सकाळी पूजा मांडली. ताटात पाने-पकडी, स्क्रूड्रायव्हर, टेस्टर, त्यांच्यावर हळदकुंकू. बाल्कनीतल्या झेंडूचे मी दोन हार केले होते. एक बॉनेटला घातला.

"आणि हीटरला?" आजोबा म्हणाले.

"अहो, तो सोफ्याखाली आहे. त्याला कुठे घालणार?"

"इंजिनाला हार आणि त्याला नाही? थंडीत तुला सांभाळतं कोण, मी की तो?"

"तो," मी म्हटलं. "तुम्ही तर पांघरूण ओढून घेता."

ते हसत बाहेर गेले आणि दुसरा हार खिडकीच्या बिजागरीला अडकवून त्या तोंडावर सोडला. हीटर तेव्हा बंद होता. पूजेत यंत्र बंदच असतं.

मग मी पुऱ्या तळायला घेतल्या. इथल्या आपल्या घरांमधली एक सवय तुम्हाला माहीत नसेल. फोडणी देण्याआधी आम्ही छताला लावलेल्या धुराच्या अलार्मवर न्हाताना घालायची प्लास्टिकची टोपी चढवतो, नाहीतर तो किंचाळतो आणि खालचे शेजारी वर येतात. सगळ्या मराठी घरांत ती टोपी असते. गाडीतला अलार्म मात्र धुराचा नाही, तो कार्बन मोनॉक्साइडचा आहे. या वायूला वास नसतो, रंग नसतो. ज्योतीला हवा कमी पडली की तो तयार होतो. "याला तुझ्या फोडणीशी काही देणंघेणं नाही," हे मला आजोबांनीच सांगितलं होतं. त्या दिवशी तेल तापून धूर झाला. मी पाठमोरी पुऱ्या लाटत होते. त्यांनी खिडकी किलकिली केली, आणि हाताच्या सवयीने अलार्म भिंतीवरून काढून ड्रॉवरमध्ये टॉवेलांखाली ठेवला. हे मला नंतर, ड्रॉवर उघडल्यावर कळलं; गाडीत आम्ही दोघंच तर होतो.

पाऊस आला, गारठा वाढला. आजोबांनी हीटर लावला. बाहेर भिजलेला हार त्या तोंडाला चिकटला. हीटरला हवा कमी मिळू लागली, आणि बाहेर पडणारा धूर हाराला अडून वर, किलकिल्या खिडकीतून आत येऊ लागला. आम्ही जेवायला बसलो होतो.

"डोकं जड झालंय," आजोबा हात पुसत म्हणाले. "श्रीखंडात जायफळ जास्त पडलंय तुझ्याकडून."

"चार वाट्या खाल्ल्यावर जायफळाला कशाला दोष?"

"दसऱ्याला झोप आली नाही तर श्रीखंड बिघडलं म्हणतात," ते म्हणाले आणि आडवे झाले.

मलाही पेंग येत होती. कपाळ ठणकत होतं. पण खरकटी भांडी ठेवून मला कधी झोप लागलेली नाही. मी सगळं प्लास्टिकच्या टबमध्ये भरलं आणि कँपिंगच्या धुण्याच्या खोलीत गेले. चालताना पाय कापसाचे झाल्यासारखे वाटत होते. तिथे खिडक्या सताड उघड्या होत्या. शेजारच्या गाडीतली जर्मन बाई आपले कप विसळत होती. माझ्याकडे बघून म्हणाली, "आल्झो, म्हणजे दुपारीच वाइन? चेहरा किती लाल झालाय!"

"वाइन नाही," मी म्हटलं. "गोड जेवण."

कढई घासता घासता माझं डोकं हलकं होत गेलं. आधी बरं वाटलं. मग भीती वाटली. जायफळाची गुंगी अशी पाच भांड्यांत उतरत नाही. आणि आजोबाही डोकं जड झालं असं म्हणाले होते. दोघांचं एकदम, बंद गाडीत. मी त्या बाईला म्हटलं, "माझे मिस्टर आत आहेत. हीटर चालू आहे." तिला पुढचं सांगावं लागलं नाही. ती माझ्याआधी धावली.

तिने दार उघडलं, खिडक्या उघडल्या. मी बाहेर सिलिंडर बंद केला. "अहो, उठा," मी म्हणत होते. त्यांचे ओठ हलले, डोळे उघडले नाहीत. आम्ही दोघींनी त्यांना चादरीसकट ओढून पावसात, गवतावर आणलं. ते किती जड होते! माझ्या हातातून त्यांचा खांदा दोनदा निसटला. मला वाटलं, गेले.

तिने फोन केला आणि अग्निशामक दलाची माणसं आली. एकाने आत यंत्र धरून मोजलं आणि चेहरा गंभीर केला. दुसऱ्याने खिडकीखालचा हार काठीने उचलला. खालची फुलं काळी पडली होती. "हे काय आहे?" त्याने विचारलं. मी म्हटलं, "आमचा सण आहे." त्याने हार पिशवीत घातला.

आजोबा बरेच दिवस इस्पितळात ऑक्सिजनवर होते. शुद्धीवर आले तेव्हा त्यांना तो दिवस आठवत नव्हता. पूजा नाही, हार नाही, जेवण नाही. मी सगळं सांगितलं. हार त्यांना पटला. अलार्मचं पटलं नाही.

"मी अलार्म काढणं शक्यच नाही."

"काढलात."

"मला त्यातला फरक माहीत आहे. तू काढला असशील. तुला तो टोपीवाला वाटला असेल."

मी म्हटलं, "नाही, मी काढला नाही." पुन्हा त्यांनी तो विषय काढला नाही, मीही नाही. पण कुणी पाहुणा गाडीबद्दल विचारतो तेव्हा ते म्हणतात, "कुणीतरी अलार्म काढून ठेवला होता." आणि मी चहा करायला उठते.

तुमच्या बाबांनी गाडी विकायला सांगितलं होतं. मी विकली नाही. विकली असती तर आजोबांनी स्वतःला कायमचं निकामी ठरवलं असतं. त्या खिडकीला आता एक स्विच बसवला आहे, ती उघडली की हीटर आपोआप बंद होतो. वर्षाचं काम वर्कशॉप करतं. आजोबा शेजारी उभे राहून बघतात, हात मागे बांधून. एकदा मेकॅनिकने त्यांच्या हातात ब्रश दिला, तर त्यांनी तो परत केला.

तेव्हा, हो, गाडी ने. झोपण्यापूर्वी अलार्मचं बटण दाबून आवाज ऐक. कुणी काढलेला दिसला तर आधी तो जागेवर लाव, कुणी काढला ते नंतर विचार. आजोबांपाशी हा विषय काढू नकोस.

आजोबा जगले. चालताना डावा पाय थोडा ओढतो, नावं विसरतात, पण रोज सकाळी माझ्यासोबत फिरायला येतात. त्या दिवसाची आठवण मात्र त्यांच्याकडे नाही, ती माझ्या एकटीकडे आहे.