एका दिवसात पाच गावं

मंडळी, काल इटलीहून कुवेतला परतलो. पाय अजून ठणकतायत, बॅगा तशाच पडल्यात. त्यात आज कपाटाचं दार बसवायला इथल्या शुवैख भागातल्या वर्कशॉपमधून मोहनदादा आले. देवगडकडचे, इथे एकटेच असतात.

चहा होईपर्यंत त्यांना फोटो दाखवले. समुद्रकाठची, रंगीत घरांची पाच गावं आम्ही एका दिवसात उरकली. गाडीतून उतरा, फोटो काढा, पुढची गाडी पकडा. जेवणात वेळ जायला नको म्हणून दशम्यासुद्धा मी इथूनच करून नेल्या होत्या.

एका फोटोवर दादा थांबले. "ताई, होड्या पार गल्लीत ओढून ठेवल्यात. समुद्राला उधाण होतं काय त्या दिवशी?"

"काय माहीत! फोटोत मध्येमध्ये येत होत्या, मी वैतागले होते नुसती."

"दर्यात कोण गेला नसणार," दादा म्हणाले. "सगळे घरात बसून वारा पडायची वाट बघत असतील."

चहा निवला, तरी त्यांची नजर त्याच फोटोवर.

मी दमलेय, पाय सुजलेत, पासपोर्टवर शिक्काही आहे. पण खरं सांगा, त्या गावाला जाऊन नक्की कोण आलं?