काय राहिलं, असं विचारणाऱ्या घाडीबाई

घाडीबाईंची आणि माझी ओळख संशयातूनच झाली. कुडाळजवळच्या डोळ्यांच्या दवाखान्यात, संगणक विभागात मी नोकरीला लागलो. विभागप्रमुख सुलोचना घाडी यांनी माझी प्रमाणपत्रं उलटसुलट करून पाहिली आणि एक फोल्डर देऊन म्हणाल्या, "याचा बॅकअप घ्या." मी घेतला. "आता दुसऱ्या संगणकावर उघडून दाखवा." तेही दाखवलं. मी वेंगुर्ल्याचा हे कळल्यावर बाई माझ्याशी मालवणीत बोलू लागल्या, पण विश्वास टाकायला त्यांनी पुष्कळ वेळ घेतला. यंदा त्यांना साठ वर्षं पूर्ण होत आहेत, म्हणून दवाखान्याने त्यांचा सत्कार आणि गौरव अंक ठरवला आहे. बाईंच्या गुणांवर लिहा, असं अंकाच्या संपादक मंडळाने कळवलं आहे. माझ्या मते संशय हाच त्यांचा सर्वांत मोठा गुण आहे.

आमच्याकडे मधुमेही रुग्णांच्या डोळ्यांच्या पडद्याचे फोटो जपून ठेवावे लागतात. जुना फोटो नव्याशेजारी ठेवला की लेझर आत्ता करायचं की थांबायचं, हे डॉक्टरांना ठरवता येतं. जुना हरवला तर सगळा अंदाजाचा कारभार, आणि अंदाज चुकला तर माणसाची नजर जाते. म्हणून रोज संध्याकाळी एक स्क्रिप्ट, म्हणजे छोटासा प्रोग्राम, आपोआप चालते. त्या दिवशी जे बदललं तेवढंच उचलून ती दुसऱ्या डिस्कवर ठेवते. बाहेरच्या एका कंत्राटदाराने ती लिहून दिली होती. 'बॅकअप पूर्ण' असा निरोप रोज यायचा आणि आम्ही सगळे निर्धास्त होतो. बाई मात्र निर्धास्त नव्हत्या. शिबिरं झाली, रुग्णांची रीघ लागली, तरी बॅकअप एरवीसारखाच चटकन उरकत होता. "ह्या माका पटना नाय," एवढंच त्या म्हणाल्या.

बाई मूळच्या गावपळण पाळणाऱ्या गावातल्या. आमच्या किनाऱ्यावरच्या काही गावांत देवाचा कौल घेऊन सारा गाव घरं बंद करतो आणि गुरं, कोंबड्या, मांजरांसकट वेशीबाहेर राहायला जातो. निघताना बाईंच्या आजोबांकडे एकच काम असे. कोण निघालं ते मोजायला बाकीचे होतेच. आजोबा दारोदार फिरून मागे कोण राहिलं ते बघत. बाईंनी हाच धडा मला दिला. मी कॉपी झालेल्या फाइलींची भलीमोठी यादी घेऊन गेलो, तर तिच्याकडे न बघताच म्हणाल्या, "काय गेला ता माका सांगा नको. काय रवला ता सांग."

कॉपी करणाऱ्या कमांडला जरा बोलकं केलं, की कोणतं फोल्डर स्क्रिप्टमधल्या कोणत्या ओळीमुळे वगळलं हे ती सांगते. ती बोलू लागली आणि घोटाळा कळला. 'टेंप' नावाचं एक मोठं, बिनकामाचं फोल्डर वगळायचं होतं. कंत्राटदाराने नाव दिलं, पण ते कुठलं याचा पत्ता दिला नाही. वाडी न सांगता पंगतीतून 'परबांना वगळा' म्हटलं तर आमच्याकडे अर्धा गाव उपाशी राहील, तसं झालं. त्या नावाचं फोल्डर जिथे दिसेल तिथे ते सोडून स्क्रिप्ट पुढे जात होती. आणि कॅमेऱ्याचा प्रोग्राम प्रत्येक रुग्णाचा नवा फोटो, डॉक्टरांचा अहवाल होईपर्यंत, 'टेंप' याच नावाच्या फोल्डरमध्ये ठेवत होता. म्हणजे ज्यांचा निर्णय व्हायचा होता, नेमक्या त्यांच्याच फोटोंना दुसरी प्रत नव्हती.

बाई कंत्राटदारावर आवाज चढवतील असं वाटलं होतं. त्यांनी त्याला बोलावून आधी जेवू घातलं, आणि मग शेजारी बसवून पूर्ण पत्त्यासह ती ओळ त्याच्याच हातून दुरुस्त करून घेतली. तो गेल्यावर स्वतः पुन्हा तपासली, हे सांगायला नकोच. त्या दिवसापासून रोज बॅकअपमधलं कुठलंही एक फोल्डर उघडून बघायचं आणि वगळलेल्यांची यादी वाचायची, हे काम माझ्याकडे आलं.

गेल्या श्रावणात त्या यादीत एक नवी ओळ दिसली. नुसता एक रुग्ण क्रमांक, पण पत्ता मात्र अगदी बिनचूक. असा पत्ता आमच्याकडे एकच व्यक्ती लिहिते. मी फोल्डर उघडलं. नाव सुलोचना घाडी. उजव्या डोळ्याच्या पडद्याचा फोटो, आणि अहवालाची जागा कोरी.

"बाई, ह्या वगळलास कित्याक?"

"तू रोज एक फोल्डर उघडून बघतंस. माझे डोळे तुका कित्याक दाखवू?"

"डॉक्टरांनी बघितल्यानी?"

"आधी सत्कार जांवदे. मगे बघूया."

मी ती ओळ पुसली आणि तडक डॉक्टरांकडे गेलो. फोटो पाहून डॉक्टरांनी त्याच आठवड्यात लेझर केलं. आणखी थांबलो असतो तर तो डोळा हाती लागला नसता, असं ते म्हणाले. बाई बरेच दिवस माझ्याशी बोलल्या नाहीत. मला त्याचं जराही वाईट वाटलं नाही. ज्या बाईंनी शेकडो माणसांची नजर संशय घेऊन सांभाळली, त्यांना स्वतःच्या बाबतीत एवढंही सुचू नये, याचा मात्र मला राग आला आणि तो अजून गेलेला नाही. आता त्या बोलतात, आणि ही हकीकत छापायला परवानगीही त्यांनीच दिली आहे.

बाईंना उदंड आयुष्य लाभो, प्रकृती ठणठणीत राहो आणि दोन्ही डोळ्यांनी त्यांना समुद्र स्वच्छ दिसत राहो, ही रवळनाथाचरणी प्रार्थना. पुढच्या तपासणीला नक्की येते, असं त्यांनी सर्वांसमक्ष सांगितलं आहे. माझा विश्वास नाही. त्या दिवशी सकाळीच मी गाडी घेऊन त्यांच्या दारात उभा असेन.